टोकणारा

डोंगरावरची माणसं मला ‘मुके मास्तर’ म्हणत. मास्तर मी कधीच नव्हतो. सरकारी ग्रंथालयात चौतीस वर्षं पुस्तकांवर क्रमांक चिकटवले आणि निवृत्त झालो. ‘मुके’ मात्र मला पटायचं. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो. आपल्या लग्नात मी काय बोललो होतो, असं एकदा आमच्या हिला विचारलं, तर म्हणाली, "फोटो बघून सांगते." तेव्हा हे नाव स्वभावावरून पडलं असणार, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो.

डोंगरावरची माणसं म्हणतो खरा, पण ती राहतात पायथ्याला, मोठ्या रस्त्याला लागून, पत्र्याच्या बत्तीस खोल्यांच्या रांगेत. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या सोयीसाठी म्हणून त्यांना खाली आणलं आणि कागदोपत्री डोंगर निर्मनुष्य झाला. पुढे एका कंपनीला तिथे दगडाची खाण काढायची होती. तेव्हा या माणसांनी दावा लावला की डोंगर आमचा आहे, आमच्या पिढ्या तिथे गेल्या, आम्हाला परत जायचं आहे. कायदा म्हणतो, कागद नसतील तर तोंडी साक्ष चालेल. फक्त ती प्रत्यक्ष जागेशी जुळली पाहिजे.

यात माझा संबंध एवढाच की त्यांची भाषा बाहेरच्यांपैकी मला एकट्याला थोडीफार येते. तिशीत मला त्या भाषेचा शब्दकोश करायचं वेड लागलं होतं. तीन वर्षं प्रत्येक सुट्टी मी डोंगरावर काढली, शब्द चिठ्ठ्यांवर लिहून बुटांच्या खोक्यांत भरले. कोश ‘ग’च्या पुढे सरकला नाही. पण खोकी घरात आहेत हे कोणीतरी दावा ऐकणाऱ्या कार्यालयात सांगितलं, आणि मी दुभाषा झालो. आमची ही म्हणाली, "एवढी वर्षं पलंगाखालची धूळ झाडली, तिचं चीज झालं."

पहिली सुनावणी चार वर्षांपूर्वी झाली. साक्षीला दादा होते, त्यांच्यातले सगळ्यांत जुने. कार्यालयाचा नियम असा की साक्षीदार एकटाच आत येतो, बाकीचे बाहेर. आत अधिकारी, कंपनीचे वकील, टंकलेखक, दादा आणि मी. दादांनी डोंगराची हद्द सांगायला सुरुवात केली. फुटका खडक, मग जुळं झाड, मग पूर्वजांचे दगड. इथे ते म्हणाले की झरा त्या दगडांच्या मावळतीला आहे, आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

झरा उगवतीला आहे. मी त्याचं पाणी ओंजळीने प्यायलो आहे, आणि तेव्हा ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पण मी कोण? मी मनात म्हटलं, हे जन्मापासून तिथले, माझ्या तीन वर्षांच्या सुट्ट्यांना कोण विचारतो; माझंच काहीतरी चुकत असेल, शब्दच उलटा पाठ झाला असेल. शिवाय स्वतःचं अक्षरही घालणार नाही, अशी शपथ मी घेतलेली. मी ‘पश्चिमेला’ असं भाषांतर केलं. दादा थांबलेलेच. मी पाणी हवं का विचारलं, नको म्हणाले. अधिकाऱ्यांनी घाई केली तेव्हा एक सुस्कारा टाकून ते पुढे सांगू लागले.

नंतर जागेची पाहणी झाली आणि झरा अर्थातच पूर्वेला निघाला. निकालात लिहिलं होतं की साक्षीदाराला स्वतःच्या म्हणवलेल्या जागेची माहिती नाही, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. रस्त्याकडेच्या त्या रांगेपुढे उभं राहून तो निकाल त्यांच्या भाषेत मीच वाचून दाखवला. कोणी रागावलं नाही. फक्त त्या दिवसापासून मी मुके मास्तर झालो.

वरच्या कचेरीत अपील झालं, आणि तिथून हुकूम आला की पुन्हा एकदा, शेवटची, सुनावणी घ्या. दरम्यान दादांचे कान गेले होते. आता साक्ष त्यांच्या धाकट्या बहिणीने द्यायची ठरली. तिला सगळी वस्ती आत्या म्हणते. तिच्याबरोबर वहिनी आल्या होत्या, म्हणजे दादांची बायको. या नणंद-भावजयींचं पन्नास वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही आणि पन्नास वर्षांत त्या एकमेकींवाचून जेवलेल्या नाहीत.

सकाळी कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोघी बसल्या होत्या. दादा पलीकडे भिंतीला टेकून, न ऐकू येणाऱ्या माणसाच्या प्रसन्नपणाने सगळ्यांकडे बघत होते. शिपायाने येऊन सांगितलं की साक्षीदार एक, दुभाषा एक, बाकी कोणी आत यायचं नाही. मी ते त्यांच्या भाषेत सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "मग टोकणार कोण?"

मी विचारलं, टोकणार म्हणजे? हा शब्द माझ्या खोक्यात होता. त्याच्यापुढे मी ‘भांडखोर नातेवाईक’ असा अर्थ लिहून ठेवला होता.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, मग एकमेकींकडे, आणि मग आत्या हसायला लागली. हसता हसता तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांच्यात महत्त्वाची गोष्ट एकट्याने सांगायची नसते. एक सांगतो, दुसरा शेजारी बसून टोकतो. सांगणाऱ्याने मध्येच कुठेतरी एक चूक मुद्दाम घालायची आणि थांबायचं. टोकणाऱ्याने ती पकडली म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे, तो जागा आहे, आणि बाकीचं त्याने न टोकता जाऊ दिलं म्हणजे ते खरं. चूक पकडलीच गेली नाही, तर सगळं सांगणं फुकट. ज्यात एकही चूक नाही आणि ज्याला कोणी टोकलं नाही ते सांगणं त्यांच्या लेखी नुसती बडबड. म्हणूनच कान गेलेल्या माणसाला सांगता येत नाही. त्याला टोकलेलं ऐकू कुठे येणार?

मी म्हटलं, "म्हणजे दादांनी मावळतीला म्हटलं ते..."

"तुझ्यासाठी," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या भाषेत सगळ्यांनाच अरे-तुरे असतं. "शेजारी तूच होतास. डोंगर पाहिलेला, आमची भाषा येणारा. ते म्हणाले, मास्तर आहे, काळजी नको. आणि तू विचारतोस, पाणी हवं का!"

आता त्याही हसू लागल्या. मला मात्र बाकाची कड धरावी लागली. चार वर्षं मी चिठ्ठ्या उलटसुलट तपासल्या होत्या की ‘मावळतीला’ हा शब्द मी नीट ऐकला की नाही. शब्द नीटच ऐकला होता. न ऐकलेलं वेगळंच होतं.

"चार वर्षांत मला कोणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं? आम्हाला वाटलं, माहीत असून गप्प बसलास. भित्रा आहेस, पण वाईट नाहीस," आत्या म्हणाली. "आज टोक म्हणजे झालं."

मी समजावू लागलो की ते तसं करता येत नाही, दुभाष्याला स्वतःचं बोलायची बंदी असते. त्यापेक्षा मी आधीच साहेबांच्या कानावर घालतो. लगबगीने कारकुनाकडे गेलो. त्याने मान वर न करता सांगितलं की काय असेल ते लेखी द्या. मला ते बरंच वाटलं. लेखी म्हणजे माझा प्रांत. मी कागद मागून घेतला, समास सोडला, ‘सविनय सादर’ असं लिहिलं. मग पहिलं वाक्य लिहिलं, ते खोडलं. ‘प्रथा’ म्हणावं की ‘पद्धत’, यावर अडलो. तिसऱ्या वाक्यावर होतो तेव्हा पुकारा झाला.

आत नवीन अधिकारी होत्या. चाळिशीच्या आतल्या, चष्म्याच्या, आणि कागद वाचूनच आल्या आहेत हे दिसत होतं. जुन्या फाइलमधून रंगीत चिठ्ठ्यांची टोकं डोकावत होती. कंपनीचे वकील तेच, धिप्पाड आणि फार सभ्य. बोलायच्या आधी पेनाला टोपण लावणारे. मी शपथ घेतली. ‘स्वतःचं काहीही घालणार नाही’ हे शब्द या वेळी जिभेवर जड झाले. शपथेनंतर लगेच सांगून टाकू, असं ठरवलं होतं. त्याऐवजी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. बाईंनी आत्याला सुरू करायला सांगितलं.

आत्याने बाईंना ‘पोरी, ऐक’ अशी हाक मारली. मी ‘मॅडम’ असं भाषांतर केलं. तेवढं मी शपथेत बसवतो.

ती छान सांगत होती. फुटका खडक, त्याच्या भेगेत साठणारं पाणी. जुळं झाड, त्याच्या कुठल्या फांदीला पाळणे बांधत. पूर्वजांचे दगड, आणि त्यांच्या उगवतीला झरा. टंकलेखकाची बोटं आणि माझा आवाज एका लयीत चालले होते. मी प्रत्येक वाक्याशी दचकत होतो, हे असेल का, हे असेल का. मग ती डोंगराच्या पाठीमागे, गुहेपाशी आली.

"गुहेला दोन तोंडं," आत्या म्हणाली. आणि थांबली. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघू लागली, दादा बघत होते तसंच.

गुहेला तीन तोंडं आहेत. या जगात मला खात्रीने ठाऊक असलेल्या गोष्टी थोड्या. ही त्यांतली एक. पस्तीस वर्षांपूर्वी मी त्या गुहेत वाट चुकलो, आणि तिसऱ्या तोंडातून, जे फार तर कोल्ह्याच्या मापाचं आहे, हातापायांवर रांगत, एक चप्पल गमावून बाहेर आलो. बाहेर सगळी वस्ती जमली होती. कित्येक दिवस लहान मुलं माझी नक्कल करत होती, आणि त्या हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज होता आत्याचा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वहिनींना आत येऊ देणार नाहीत हे कळल्यावर तिने ही चूक निवडली होती. मला चुकवताच येणार नाही अशी.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. बाई म्हणाल्या, "दुभाषे, काय म्हणाल्या त्या?"

मी म्हणालो, "त्या म्हणाल्या, गुहेला दोन तोंडं." टंकलेखकाने ते टंकलं. मग मला माझाच आवाज ऐकू आला, बारीक आणि फाटलेला. "पण तीन आहेत."

मी आत्याकडे वळून त्यांच्या भाषेत म्हणालो, "तीन आहेत. तिसऱ्यातून मी बाहेर आलो होतो."

"एका चपलेनिशी," आत्या म्हणाली, आणि समाधानाने मान हलवून पुढे बोलायला लागली.

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. दुभाषाच साक्ष देऊ लागला, हे नोंदवून घ्यावं, असं ते अतिशय नम्रपणे म्हणाले. बाईंनी हात वर करून आत्याला थांबवलं आणि मला विचारलं की हा काय प्रकार आहे. मी उभा राहिलो. पुन्हा बसलो, आणि बसूनच सगळं सांगितलं. सांगणारा, टोकणारा, मुद्दाम घातलेली चूक, दादा, झरा, आणि चार वर्षांपूर्वी शेजारी बसून गप्प राहिलेला मी. मध्ये दोनदा वाक्यं अर्धवट राहिली. खिशातून तो अडीच वाक्यांचा अर्ज काढून दाखवला. त्याचा उपयोग शून्य होता, पण हातात कागद असला की मला धीर येतो.

वकील म्हणाले की गोष्ट रंजक आहे. पण चूक उघडी पडल्यावर ‘ती मुद्दाम होती’ असं कोणीही म्हणू शकेल, आणि ही पद्धत आज सकाळी व्हरांड्यात तयार झाली नसेल कशावरून? हा मुद्दा रास्त होता. मी त्यांच्या जागी असतो तर तोच मांडला असता. अर्थात मनातल्या मनात.

बाईंनी जुनी फाइल ओढली आणि एका पिवळ्या चिठ्ठीपाशी उघडली.

इथे मला माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. साक्षीची हस्तलिखित प्रत मी तयार करतो आणि तिच्यात काहीही गाळत नाही. साक्षीदार खोकला तर ‘खोकला’ असं कंसात लिहितो. मागच्या अधिकाऱ्यांना याचं फार हसू यायचं. म्हणायचे, मास्तर, साक्ष लिहा, नाटक लिहू नका. ग्रंथालयात फाटक्या पानाचीही नोंद ठेवायची सवय, दुसरं काय.

बाईंनी मोठ्याने वाचलं, "झरा दगडांच्या पश्चिमेला आहे. कंस. साक्षीदार थांबला. दुभाष्याकडे पाहत राहिला. पाणी हवे का विचारले. नको म्हणाला. भिंतीवरील घड्याळाप्रमाणे दोन मिनिटे. पुढे सांगण्याची सूचना दिल्यावर सुस्कारा. कंस पूर्ण." त्यांनी चष्मा काढला. "मी हे आठवडाभर वाचते आहे. दोन मिनिटं माणूस कशासाठी थांबला, तेच मला कळत नव्हतं. वकीलसाहेब, चार वर्षांपूर्वीचं हे पान आज सकाळी व्हरांड्यात तयार झालेलं नाही."

वकिलांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

दुभाष्याने मध्ये बोलू नये हा नियम आहे, असं बाईंनी मला बजावलं. पण अर्धीच साक्ष पूर्ण म्हणून लिहून घ्यावी, असा नियम त्यांच्या पाहण्यात नाही. त्यांनी शिपायाला सांगून वहिनींना आत बोलावलं आणि आत्याशेजारी खुर्ची ठेवली. वकिलांनी शेवटची हरकत घेतली की दोघी साक्षीदार एकत्र बसल्या तर एकमेकींना पढवतील. तोवर वहिनींनी आत्याला सुनावलं होतं की जुळ्या झाडाला पाळणे बांधत ते डाव्या खोडाला, आणि तुझा पाळणा तर कधी बांधलाच नव्हता, तू कडेवरूनच उतरत नव्हतीस. आत्याने विचारलं की तेव्हा तू आमच्या घरात आली तरी होतीस का. मी घाम पुसत सगळ्याचं भाषांतर करत होतो. पाच मिनिटं ऐकून बाई वकिलांना म्हणाल्या, "या दोघी एकमेकींचं ऐकून काही बोलतील, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

त्या दिवशी साक्ष संध्याकाळपर्यंत चालली. एकवीस पानं झाली. हद्दीचे चाळीस खुणेचे दगड, प्रत्येकाशेजारी कोणाचं घर होतं, कोणाच्या चुलीचे दगड अजून तिथे आहेत, सगळं. एका ठिकाणी, वेळूचं बेट कोणाच्या आजोबांनी लावलं यावर, दोघींचं जमलंच नाही. बाईंनी दोन्ही मतं लिहून घेतली.

पुढच्या आठवड्यात जागेची पाहणी झाली. आत्या पुढे, मागे बाई हातात नकाशा आणि ती एकवीस पानं घेऊन. सव्वीस वर्षांच्या गवतातून आत्या बोट दाखवी आणि तिथे चुलीचे तीन दगड निघत. गुहेपाशी बाईंनी तिन्ही तोंडं स्वतः मोजली आणि तिसऱ्याचं माप बघून माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. उतरताना आत्या म्हणाली की फुटक्या खडकाला दोन भेगा. मी तोंड उघडायच्या आत बाई कागद न बघता म्हणाल्या, "एकच."

आत्या वहिनींना म्हणाली, "पोरगी जागी आहे." मी त्याचं भाषांतर केलं नाही. पण बाईंना ते समजलं असावं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. बातमी आधीच पोचली होती. तरी आदेश त्यांच्या भाषेत वाचून दाखवणं माझं काम, म्हणून मी पत्र्याच्या खोल्यांपुढे गेलो. बत्तीस घरची माणसं बाहेर जमली होती. दादांसाठी खुर्ची मांडली होती. आमची हीसुद्धा आली होती. म्हणाली, एकदा तरी तुम्हाला बोलताना बघते.

मी तयारी करून गेलो होतो. न टोकलेलं वाचन त्यांच्या लेखी बडबड, हे आता मला माहीत होतं. म्हणून तिसऱ्या परिच्छेदात ‘बत्तीस कुटुंबं’च्या जागी ‘एकतीस’ म्हणायचं, असं मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. आदल्या दिवशी आरशापुढे तीनदा म्हणूनही पाहिलं.

चष्मा लावला. शंभरेक डोळे माझ्याकडे. मागे याच जागी उभा राहून वाचलेलं वाक्य पाठ होतं, ते तसंच बाहेर आलं, "डोंगर, झरा आणि गुहा यांवरील या लोकांचा सामुदायिक हक्काचा दावा फेटाळण्यात येत आहे."

आणि मी थांबलो. मुद्दाम नाही. अंगातलं रक्त पायात गेलं होतं.

"मंजूर," वहिनी म्हणाल्या.

"मंजूर," मागून दहा-बारा आवाज आले. मग सगळ्यांचे. पोरंसोरं तो शब्द घोळवायला लागली. कोणीतरी दादांच्या तळहातावर काहीतरी खूण केली, आणि दादा माझ्याकडे बघून हळूहळू, अगदी जाणकारासारखी, मान डोलवू लागले.

"काय चूक घातलीस मास्तर," आत्या म्हणाली. "माझी छाती झाली नसती."

मी पुढे वाचू लागलो. तिसऱ्या परिच्छेदाशी आल्यावर ठरल्याप्रमाणे ‘एकतीस कुटुंबं’ म्हणालो आणि वाट बघत उभा राहिलो.

"बत्तीस," वहिनी म्हणाल्या. "आणि एकदाच असते रे ती. हावरटपणा करू नकोस."

परतताना हिने विचारलं की पहिली चूक खरंच मुद्दाम होती का. मी म्हटलं, तुला काय वाटतं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली की हे तुम्ही त्यांना सांगाल असं वाटत नाही.

नाही सांगितलं. एक-एक करत घरं वर जायला लागली आहेत. मीही अधूनमधून जातो, खोकी घेऊन. ‘टोकणारा’ची चिठ्ठी दुरुस्त केली आहे, आणि कोश आता ‘च’पर्यंत आला आहे. वहिनी शेजारी बसतात आणि प्रत्येक शब्दाला टोकतात. माझं नाव मात्र बदललं नाही. मुके मास्तरच म्हणतात. फक्त आता हाक मारून थांबतात, माझ्याकडे बघत.